एअर डॅम किती खाली असावा?

गाडीचं पोट ओबडधोबड: सस्पेन्शन, एक्झॉस्टचा पाइप, नाना खाचा. तिथे शिरलेली हवा अडखळते, रोध वाढतो, पुढची चाकं हलकी होतात. बंपरखालची एअर डॅमची पट्टी ही हवा बाजूंना वळवते. पण ती फार खाली आणली तर तिचाच रोध वाढतो. आणि आपल्या गतिरोधकांपुढे ती टिकायचीही नाही! २०१९च्या रॅम १५०० पिकअपने मधला मार्ग काढला. तिचा डॅम ताशी ५६ किलोमीटरला सुमारे ६ सेंटिमीटर खाली उतरतो.

डॅममागच्या कमी दाबामुळे रेडिएटरमधूनही हवा जोमाने खेचली जाते. १९८२ नंतरच्या पॉन्टिॲक फायरबर्डमध्ये तर डॅम तुटला की इंजिन तापतं.