खेकडा वर्गातील विद्युत् इंजिनांची अखेरची वर्षे

धाराशिव जिल्ह्यात रुळांवर विजेची तार आली ती अगदी अलीकडे. मध्य रेल्वेच्या विद्युतीकरणातील शेवटचा तुकडा औसा रोड ते लातूर रोड हा होय. तो २३ फेब्रुवारी २०२४ रोजी पुरा झाला. तत्पूर्वी येथील रुंदमापी मार्गच मुळी २००७-०८ सालचा, आणि त्याच्या आधी येडशी-ढोकीवरून जाणारे बार्शी लाइट रेल्वेचे अडीच फुटी रूळ. तेव्हा ‘खेकडा’ इंजिनाचे जुने छायाचित्र धाराशिवकडील म्हणून कोणी पुढे केल्यास संग्राहकांनी ते बेलाशक नाकारावे. हा खुलासा करण्याचे कारण असे की, या इंजिनांविषयी नावे, क्रमांक व काळ यांचा घोटाळा वारंवार होतो.

जी. आय. पी. रेल्वेने बोरघाट व थळघाट या मार्गांवर मालगाड्या ओढण्यासाठी ही ४१ इंजिने घेतली. पहिली १० स्वित्झर्लंडातील विंटरथूरच्या कारखान्याची व उरलेली ३१ इंग्लंडातील व्हल्कन फाउंड्रीची. काळ १९२८ व त्यालगतचा. मध्ये चालकाची खोली आणि पुढे-मागे लांब नाके अशी त्यांची घडण असे. मोटारींची शक्ती आडव्या दांड्यांनी चाकांस पोचे. नाके वळणावर स्वतंत्र वळत, चालताना यंत्र डोले, उभे असताना कण्हे. यावरून लोकांनी त्यास खेकडा म्हटले. युरोपात याच घडणीस मगर म्हणतात. आमचे नाव अधिक मार्मिक आहे.

घाटात चढ ३७ फुटांस एक फूट. उतरताना याच मोटारी वीज उत्पन्न करून ती तारेत परत देत. ती चढणाऱ्या गाडीच्या उपयोगी पडे, आणि उतरणीस वेगही आवरे. असे काम या यंत्रांनी अनेक वर्षे केले. पुढे चित्तरंजन येथे बांधलेली नवी मालवाहू इंजिने १९७० नंतर आली आणि खेकड्यांचा घाटातील मान गेला. ती मुंबईच्या यार्डांत डबे लावण्याकाढण्यास लागली. हा अधःपात खरा, पण अयोग्य नव्हे. मंद गतीने मोठा भार खेचणे हाच त्यांचा मूळ गुण. १९९० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत त्यांची सेवा संपली.

आता संग्राहकांच्या मतलबाची गोष्ट. या वर्गाची मूळ संज्ञा ‘ई. एफ.-१’, स्वातंत्र्योत्तर काळात ती ‘डब्ल्यू. सी. जी.-१’ झाली. तिच्यात पहिले अक्षर रुंदमापी रुळांचे, दुसरे एकदिश प्रवाहाचे व तिसरे मालगाडीचे. म्हणून नव्या संज्ञेचा कागद १९४७ पूर्वीचा असू शकत नाही. नावाच्या पाट्यांस तर पोथीच्या समाप्तिलेखाप्रमाणेच तपासावे लागते. दिल्लीच्या राष्ट्रीय रेल्वे संग्रहालयातील ४५०२ क्रमांकाच्या खेकड्यावर ‘सर लेस्ली विल्सन’ हे नाव आहे. विल्सन १९२३ ते १९२८ मुंबईचे गव्हर्नर होते, व ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून कुर्ल्यास गेलेल्या पहिल्या विद्युत् गाडीचे उद्घाटन त्यांनीच केले. येथे काळ जुळतो. त्याच संग्रहालयातील प्रवासी गाड्यांच्या ४००६ क्रमांकाच्या इंजिनावर मात्र ‘सर रॉजर लम्ले’ असे आहे. यंत्र १९३० च्या सुमाराचे, आणि लम्ले गव्हर्नर झाले १९३७ साली! पाटी उघडच परहस्ताची आहे. केवळ तिच्यावरून इंजिनाचा जन्मकाळ ठरविणारा सात वर्षांनी चुकेल.

ज्या हार्बर मार्गावर १९२५ साली एकदिश प्रवाह प्रथम खेळला, तेथूनच तो एप्रिल २०१६ मध्ये अखेर बंद झाला. धाराशिवकडे आलेली तार २५ हजार व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाची. खेकडा १,५०० व्होल्टच्या एकदिश प्रवाहाचा. दिल्लीचे ४५०२ उद्या दुरुस्त करून रुळांवर आणले, तरी त्यास चालवील अशी तार भारतीय रेल्वेच्या कोणत्याही मार्गावर उरलेली नाही.