डोडो मूर्ख नव्हता



डोडो नावाचा एक पक्षी होता. होता असे लिहिले, कारण आता तो जगात कुठेच नाही. इंग्रजीत बावळट माणसाला अजूनही डोडो म्हणतात, असे गुरुजींनी सांगितले. मी डोडोची माहिती गोळा केली तेव्हा मला वाटले, बिचाऱ्याला लोक उगाच नावे ठेवतात. का ते तुम्हीच वाचून ठरवा.

डोडो मॉरिशस बेटावर राहायचा. वर्गातल्या नकाशात आफ्रिका खंड शोधा. त्याच्या उजव्या बाजूला मादागास्कर हे मोठे बेट दिसेल. त्याच्याही पुढे पूर्वेला हिंदी महासागरात एक ठिपका आहे. तेच मॉरिशस. तिथे आज मराठी माणसेही राहतात बरं का! १८३४ सालापासून उसाच्या मळ्यात काम करायला भारतातून खूप मजूर तिथे नेले. त्यात आपले मराठी लोकही होते. त्यांची पतवंडे-खापरपतवंडे अजून गणपती बसवतात. पण ते लोक पोचले तेव्हा डोडो कधीच संपला होता.

डोडो दिसायला कसा होता? उंची आणि वजन साधारण बालवाडीतल्या पोराएवढे. पिसे करडी, तोंडावर मात्र पिसे नाहीत. पाय जाड आणि मजबूत. चोच वीतभर लांब आणि टोकाला वाकडी. पंख इतके लहान की त्यांचा उडायला काही उपयोग नाही. जुन्या चित्रांत तो फार गलेलठ्ठ दिसतो. पण शास्त्रज्ञांनी हाडे मोजून सांगितले की रानातला डोडो एवढा लठ्ठ नव्हता. म्हणून मी खाली चित्र काढले आहे, त्यात त्याला बारीक काढले आहे. तो झाडाखाली पडलेली फळे आणि बिया खायचा. आपल्या कोंबड्या खडे टिपतात ना, तसे तोही दगड गिळायचा. पोटातल्या दगडांनी कठीण बिया दळल्या जातात.

आता गंमत ऐका. डोडो हा कबुतराचा नातलग! आपल्या भारताच्या निकोबार बेटांवर एक हिरवट, चमकदार कबूतर असते. आज जिवंत असलेल्या पक्ष्यांत तेच डोडोचे सर्वांत जवळचे नातलग आहे, असे २००२ साली शास्त्रज्ञांनी तपासून सांगितले. मग कबुतराच्या घराण्यातला हा पक्षी उडत का नव्हता?

त्याचे पूर्वज उडणारेच होते. पण त्या बेटावर मांजर नव्हते, कोल्हा नव्हता, मुंगूस नव्हते. सस्तन प्राणी म्हणाल तर फक्त वटवाघळे. खाणे खाली जमिनीवरच मिळत होते. उडायला फार ताकद लागते. जिथे पळून जायचे कारणच नाही, तिथे ती ताकद फुकट जाते. ज्या पक्ष्यांचे पंख जरा लहान, त्यांचे काही अडले नाही. उलट त्यांची ताकद वाचली आणि त्यांची पिल्ले जास्त जगली. असे हजारो पिढ्या चालले. पंख लहान लहान होत गेले आणि अंग मोठे होत गेले. तिथल्या राहणीला डोडो अगदी बरोबर होता.

आमची कोंबडी आभाळात घार दिसली की लगेच ओरडते आणि पिलांना पंखाखाली घेते. तिला भीती माहीत आहे, कारण तिला शत्रू आहेत. डोडोला शत्रूच नव्हता, मग भीती कुठून येणार?

१५९८ साली डच लोकांची गलबते त्या बेटावर आली. डचांनी आपल्या राजपुत्राच्या नावावरून बेटाला मॉरिशस हे नाव दिले. डोडो त्यांना बघून पळाले नाहीत. खलाशांनी त्यांना सहज पकडले, मारले आणि शिजवून खाल्ले. मांस चिवट लागायचे, म्हणून त्यांनी त्याचे नाव ठेवले ओंगळ पक्षी! खायचे ते खायचे आणि वर नावे ठेवायची.

पण सगळे डोडो माणसांनी खाऊन संपवले असे नाही. बेटावर माणसे फार थोडी होती. खरा घात दुसऱ्यांनी केला. गलबतांबरोबर उंदीर आले, डुकरे आली, माकडे आली. ही सगळी रानात शिरली. डोडो घरटे जमिनीवर करायचा आणि मादी एकच अंडे घालायची. आमची आई खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी ठेवते. त्यातली दोन उंदराने नेली तरी बाकीची उरतात. डोडोचे एक अंडे डुकराने खाल्ले की घरटे रिकामे. मोठे डोडो म्हातारे होऊन मरत गेले आणि नवीन पिल्ले येईनात. शिवाय डच लोक किमती लाकडासाठी रानही तोडत होते.

१६६२ साली एक डच गलबत फुटले. त्यावरचा एव्हर्ट्स नावाचा माणूस मॉरिशसजवळच्या एका लहान बेटावर गेला. तिथे त्याला डोडो दिसले. त्याने लिहून ठेवले आहे की एकाचा पाय धरला की तो ओरडायचा. मग बाकीचे त्याला सोडवायला धावत यायचे आणि तेही पकडले जायचे. हे वाचून मला फार वाईट वाटले. जो आपल्या सोबत्याचे ओरडणे ऐकून धावत येतो, त्याला मूर्ख कसे म्हणायचे? डोडो दिसल्याची ही शेवटची खात्रीची नोंद आहे. १५९८ ते १६६२ म्हणजे फक्त ६४ वर्षे. माझ्या आजोबांचे वय तेवढे आहे.

आपल्याला चौथीला शिवाजी महाराजांचा इतिहास आहे. तो आठवा. अफजलखानाचा वध १६५९ ला झाला. लाल महालात शायिस्ताखानाची बोटे तुटली १६६३ ला. डोडोची शेवटची नोंद यांच्या मधली! महाराज ज्या सुरतेवर १६६४ साली गेले, त्याच सुरतेत त्याआधी दोन डोडो आणले होते. पीटर मंडी नावाच्या इंग्रज प्रवाशाने ते पाहिल्याचे लिहिले आहे. बादशहा जहांगीराच्या पदरी मन्सूर नावाचा चित्रकार होता. त्याने काढलेले म्हणतात असे डोडोचे एक रंगीत चित्रही आहे. म्हणजे डोडो आपल्या देशापर्यंत येऊन गेला.

आता डोडोचे काय उरले आहे? इंग्लंडात ऑक्सफर्डच्या संग्रहालयात एका डोडोचे डोके आणि पाय आहे. २०१८ साली यंत्राने तपासले तेव्हा त्या डोक्यात शिशाचे छर्रे सापडले. त्याला कोणीतरी मागून गोळी घातली होती. आणि डोडोची पुष्कळ हाडे कोणाला सापडली माहीत आहे? जॉर्ज क्लार्क नावाच्या मॉरिशसच्या एका मास्तरांना! १८६५ साली त्यांनी मजुरांना दलदलीत उतरवले. त्या मजुरांनी अनवाणी पायांनी चिखल चाचपून हाडे शोधली.

एक चांगली गोष्टही सांगते. मॉरिशसमध्ये गुलाबी रंगाचे एक कबूतर आहे. तेही याच घराण्यातले. त्यालाही उंदीर, मांजरे आणि माकडे छळत होती. १९९० च्या सुमाराला रानात अशी फक्त दहाच्या आसपास कबुतरे उरली होती. मग लोकांनी पिंजऱ्यात पिल्ले वाढवली आणि रानात सोडली. त्यांना दाणा ठेवला. उंदीर आणि मांजरे पकडली. आता ती कबुतरे चारशेच्या वर आहेत. डोडोच्या वेळी असे करणारे कोणी नव्हते.

मित्रांनो, डोडोने काही चूक केली नाही. तो आपल्या घरी होता. पाहुणे आले आणि त्यांनी घर मोडले. म्हणून कोणाला चिडवायला डोडो म्हणू नका. आणि रानात जमिनीवर टिटवीची अंडी दिसली तर त्यांना हात लावू नका. लांबूनच बघा.

— एक विद्यार्थिनी, इयत्ता ४ थी