सापाला माणसाचा लळा लागतो का?

मराठी भाषेने सापाला एक मोठा मानसिक गुण बहाल केला आहे. साप ‘डूख धरतो’ असे आपण म्हणतो. दुखावलेला साप दुखावणाऱ्याला विसरत नाही आणि कितीही काळ लोटला तरी सूड उगवतो, ही समजूत खेड्यापाड्यांत अद्याप टिकून आहे. चित्रपटांनी तिला भरपूर खतपाणीही घातले आहे. अलीकडे याच समजुतीची दुसरी बाजू मोबाइलच्या पडद्यावर दिसू लागली आहे. गळ्यात अजगर घेतलेला एखादा तरुण हसतमुखाने सांगतो, की हा मला ओळखतो, याचा माझ्यावर जीव आहे. डूख आणि जीव या दोन्ही कल्पनांचे मूळ एकच आहे: सापाच्या ठिकाणी आपण माणसाचे मन बसवतो.

तरीही, पाळलेल्या सापाला माणसाचा लळा लागतो का, हा प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नाही. विज्ञानाच्या तासाला साप या विषयावर आले, की एखादा विद्यार्थी हटकून तो विचारतो. ‘साप थंड रक्ताचा, त्याला कसली माया’ असे उत्तर देऊन त्याला खाली बसवणे सोपे असते. पण ते उत्तर अपुरे आहे. रक्ताच्या तापमानाचा मायेशी काहीही संबंध नाही.

डुखाचा उलगडा तुलनेने सोपा आहे. सापाचे जग प्रामुख्याने गंधाचे असते. तो जी दुभंगलेली जीभ सतत आत-बाहेर करतो, ती हवेतील व जमिनीवरील गंधकण टिपते आणि टाळूतील जेकबसन इंद्रियापर्यंत पोहोचवते. समागमाच्या काळात नर मादीच्या गंधाचा माग काढत येतो. जिथे मादी मारली गेली, तिथे नंतर एखादा नर आला तर त्याला सूडाची नव्हे, जोडीदाराची ओढ आणते. मारणाऱ्याच्या चेहऱ्याचा तिथे काही संबंध नसतो.

लळ्याचा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा आहे. घरात साप पाळण्याची चाल प्रामुख्याने अमेरिका व युरोप येथील. तिथे दोन जाती विशेष लोकप्रिय आहेत. एक अमेरिकेच्या आग्नेय भागातील कॉर्न स्नेक, म्हणजे आपल्या धामणीसारखाच उंदीर खाणारा बिनविषारी साप. आणि दुसरा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील बॉल पायथन, अजगराच्या कुळातील आकाराने लहान प्राणी. हे साप बंदिवासात वाढवले जातात. परंतु कुत्रा माणसाच्या सहवासात हजारो वर्षे घडत आला, तसे सापाचे झालेले नाही. दिसायला तो पाळीव असला तरी स्वभावाने रानातलाच राहिला आहे.

या सापांचे मालक प्रेमाचा पुरावा म्हणून जे सांगतात, ते ऐकण्यासारखे असते. ‘हातावर घेतला की तो वेटोळे घालून शांत बसतो, खाली उतरायला तयार होत नाही.’ निरीक्षण खरे आहे, अर्थ मात्र तपासून घ्यायला हवा. सापाला शरीराची उष्णता बाहेरून मिळवावी लागते आणि माणसाचा हात ही उबदार फांदीच असते. बॉल पायथनच्या ओठांवर तर उष्णता जाणणाऱ्या खाचाच असतात, त्यामुळे अंधारातही त्याला ऊब कुठे आहे ते कळते. शिवाय उंचावर धरलेला कोणताही साप पडू नये म्हणून आधाराला वेढा घालणारच.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची आहे. बॉल पायथन हे नाव पडले ते त्याच्या भीतीवरून. धोका जाणवला, की हा प्राणी डोके मध्ये दडवून अंगाचा घट्ट चेंडू करतो आणि निपचित राहतो. सापाला पापण्या नसतात आणि भाव व्यक्त करणारे चेहऱ्याचे स्नायूही नसतात. कुत्रा घाबरला की कान पाडतो, शेपूट घालतो. साप घाबरला की पुष्कळदा केवळ स्थिर होतो. ज्या स्तब्धतेला मालक समाधान समजतो, ती कित्येकदा भीती असू शकते. पाळणारा निर्दयच असतो असे नाही. त्याला सापाची भाषा वाचता येत नाही, एवढेच.

याच्या उलट टोकाची एक दंतकथाही जगभर फिरते. मालकिणीच्या शेजारी रोज रात्री लांब होऊन झोपणारा अजगर प्रत्यक्षात तिला गिळता येईल का याचे माप घेत होता, अशी ती गोष्ट. साप भक्ष्याचे असे माप घेत नाहीत. प्रेमाची गोष्ट जितकी कल्पित, तितकीच ही कपटाची.

मग साप माणसाला मुळीच ओळखत नाही काय? येथे विज्ञानाने अलीकडे काही उत्सुकता वाढवणारी उत्तरे दिली आहेत. इंग्लंडमधील लिंकन विद्यापीठातील संशोधकांनी कॉर्न स्नेक जातीच्या सापांना परिचित व अपरिचित माणसांचे गंध देऊन पाहिले. २०२१ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात जे साप लपायच्या, चढायच्या जागा असलेल्या समृद्ध पिंजऱ्यांत ठेवले होते, त्यांना दोन गंधांतील फरक कळल्याचे दिसले. साध्या, रिकाम्या पिंजऱ्यांतील सापांना तो कळल्याचे दिसले नाही. म्हणजे सांभाळणाऱ्याचा गंध ओळखण्याची क्षमता सापात आहे, पण ती कशी खुलेल हे त्याच्या राहणीवर अवलंबून असावे.

ओळख आणि जिव्हाळा या मात्र दोन निराळ्या गोष्टी आहेत. आपणही रोजच्या बसचालकाला ओळखतो. परिचित गंधाचा हात आपल्याला इजा करत नाही, हे साप अनुभवाने शिकतो आणि घाबरणे कमी करतो. याला सराव किंवा अंगवळणी पडणे म्हणतात. साप शिकू शकतो यात शंका नाही. अमेरिकेतील रॉचेस्टर येथे १९९९ साली झालेल्या प्रयोगांत कॉर्न स्नेक मोकळ्या रिंगणातून सुटकेचे छिद्र नेमके कुठे आहे, ते लक्षात ठेवायला शिकले होते.

‘साप एकलकोंडा असतो’ हे आपले जुने विधानही आता सांभाळूनच करावे लागते. कॅनडातील दोन संशोधकांनी २०२० साली गार्टर जातीच्या पिल्लांवर केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. प्रत्येक सापाच्या डोक्यावर रंगाचे ठिपके देऊन कोण कोणासोबत बसतो याची छायाचित्रे घेतली गेली. गट मुद्दाम मोडून पिल्लांच्या जागा बदलल्या, तरी ती पुन्हा आपल्या आवडीच्या सोबत्यांजवळ परतत. कॅलिफोर्नियातील रॅटलस्नेक, म्हणजे शेपटीचा खुळखुळा वाजवणारे विषारी साप, यांच्याविषयी २०२३ साली आलेला निष्कर्ष तर अधिक बोलका आहे. डिवचलेल्या सापाजवळ त्याच्याच जातीचा दुसरा साप असला, की त्याच्या हृदयाचे ठोके एकट्या सापाइतके वाढत नाहीत. तिथे सापाऐवजी दोराचा तुकडा ठेवला तर तो परिणाम होत नाही. सोबतीने धीर येणे ही भावना नव्हे, असे कोण म्हणेल?

पिल्लांच्या बाबतीतही काही जाती आपल्याला चकित करतात. बहुतेक साप अंडी घालून निघून जातात, हे खरे. पण मादी अजगर आठवडेच्या आठवडे अंड्यांभोवती वेटोळे घालून राहते. आपल्याकडील अजगराच्या मादीत अंगाचे स्नायू आकुंचित करत, जणू थरथरत, उष्णता निर्माण करण्याची क्षमता असते. १९६६ साली ते मोजून सिद्ध झाले. दक्षिण आफ्रिकेतील रॉक पायथन मादी तर पिल्ले बाहेर आल्यावरही सुमारे दोन आठवडे त्यांच्याजवळ थांबते. दिवसा उन्हात अंग तापवते आणि परतून पिल्लांना ऊब देते. नागराजाची मादी पाचोळा गोळा करून घरटे रचते.

हे सारे लक्षात घेता माझे मत असे झाले आहे, की सापाला भावना नाहीत असे ठामपणे म्हणण्याचे दिवस संपले. भीती आहे, ताण आहे, स्वजातीयांची सोबत आहे, काहींत पिल्लांची राखण आहे. सस्तन प्राण्यांत मायलेकरांचे नाते घट्ट करणाऱ्या ऑक्सिटोसिन या संप्रेरकासारखेच एक संप्रेरक सरपटणाऱ्या प्राण्यांतही असते. परंतु यांतून साप माणसावर प्रेम करतो असे सिद्ध होत नाही. कुत्रा मालक दृष्टीआड होताच कासावीस होतो, परतल्यावर झेपावतो. सापात असे काही दाखवणारा पुरावा आजवर पुढे आलेला नाही. परिचिताजवळ कमी घाबरणे, इथपर्यंतच आपण खात्रीने जाऊ शकतो. सापासारख्या प्राण्याने आपली भीती बाळगू नये, हे मला तरी थोडके वाटत नाही.

ही चर्चा केवळ परदेशी छंदापुरती असती, तर स्मरणिकेची पाने खर्च करण्याचे कारण नव्हते. आपल्याकडे नाग, घोणस, धामण, अजगर यांना वन्यजीव संरक्षण अधिनियम, १९७२ अन्वये संरक्षण आहे. ते पकडून जवळ बाळगणे हा गुन्हा आहे. तरीही, लळ्याची समजूत येथे निराळ्या मार्गाने जीव घेते. महाराष्ट्रातील असंख्य सर्पमित्र जबाबदारीने काम करतात आणि त्यांच्यामुळे साप व माणसे दोघेही वाचतात. पण काही तरुण पकडलेल्या नागाचे चुंबन घेतात, तो गळ्यात घालतात, ‘हा मला काही करणार नाही’ असे म्हणत चित्रफीत काढून घेतात. असे करताना दंश होऊन कित्येक जण दगावले आहेत. भारतात २००० ते २०१९ या काळात सर्पदंशाने वर्षाला सरासरी सुमारे ५८,००० माणसे मृत्युमुखी पडली, असा अंदाज आहे. नागाला कालच पकडणारा माणूस आज मित्र वाटेल, याला कोणताही आधार नाही. शेकडो साप हाताळल्याने सराव माणसाला होतो. समोरच्या सापासाठी तो पहिलाच प्रसंग असतो.

सापांवर माया करणे आणि सापांकडून मायेची अपेक्षा धरणे यांतील हा फरक जुन्या पाली वाङ्मयात स्पष्ट दिसतो. अंगुत्तर निकायातील एका सुत्तात सर्पदंशाने एका भिक्खूचा मृत्यू झाल्याची वार्ता येते, तेव्हा तथागत सापांच्या चार राजकुलांविषयी मैत्रीचित्त ठेवण्यास सांगतात. विरूपाक्ख, एरापथ, छब्यापुत्त आणि कण्हगोतमक ही ती कुले. वाचकांपैकी अनेकांनी हे परित्राण ऐकले असेल. त्याच्या शेवटाकडे सहसा लक्ष जात नाही: तेथे सापांनी जवळ यावे, अंगाखांद्यावर खेळावे अशी इच्छा नाही. त्यांनी इजा न करता आपल्या वाटेने दूर जावे, एवढीच आहे.

परदेशात स्थायिक झालेल्या आपल्या काही माजी विद्यार्थ्यांच्या मुलांना शेजारच्या घरातील कॉर्न स्नेक पाहून तसाच साप हवासा वाटत असेल, तर आईवडिलांनी आधी काही गोष्टी पाहाव्यात. सापाला पूर्ण लांब होता येईल एवढी जागा, लपायला किमान दोन आडोसे, एक उबदार व एक थंड कोपरा, चढायला फांदी. त्याला पिंजऱ्यातून ओढून न काढता दार उघडे ठेवून तो स्वतः बाहेर येतो का, हे पाहणे बरे. तो स्वतःहून येत नसेल, तर त्या दिवशी त्याला राहू द्यावे. भक्ष्याचा वास लागलेला हात धुतल्याशिवाय जवळ नेऊ नये, कारण पाळलेल्या सापांचे अनेक चावे रागाने नव्हे, हाताला उंदीर समजून घेतलेले असतात. आणि खाणे झाल्यावर किमान दोन दिवस त्याला मुळीच हातात घेऊ नये. पोट भरलेला साप त्रास झाल्यास गिळलेले सारे बाहेर टाकतो.