दाढ गप्प बसली म्हणजे बरी झाली का?

आज आपण दातांबद्दल बोलणार आहोत. या भागासाठी आम्ही गटागटांतल्या बायांना एकच प्रश्न विचारला, "दाढ काढली तेव्हाचं काय आठवतं?" मुलांच्या जन्मतारखा सांगताना अडखळणाऱ्या बायांनाही दाढ काढल्याचा दिवस मात्र लख्ख आठवत होता. एकीने डॉक्टरांचा हातच धरून ठेवला होता. दुसरी इंजेक्शनची सुई बघून खुर्चीवरून उठली ती थेट एसटी स्टँडवर. तिसरीने बाजारच्या दिवशी रस्त्यावर दात बसवून घेतला आणि पुढे त्याच्या शेजारचे दोन गमावले.

ऐकताना आम्ही खूप हसलो. पण तिघींच्या सांगण्यात एक गोष्ट सारखी निघाली. तिघीही दुखणं अगदी सहन होईना तेव्हाच उठल्या होत्या. आधी भीतीने उशीर केला, उशीर झाला म्हणून जास्त दुखलं आणि जास्त दुखलं म्हणून भीती आणखी वाढली. हे चक्र कुठे तोडायचं, ते आज समजून घेऊ.

दाताचं वरचं पांढरं कवच फार कठीण असतं, पण त्याला जाणीव नसते. म्हणून कीड लागायला सुरुवात होते तेव्हा काहीच दुखत नाही. नुसता काळा ठिपका दिसतो किंवा भाकरीचा कण एकाच जागी अडकायला लागतो. कीड आत उतरली की गार पाणी आणि गोड चहा झिणझिणतो. या टप्प्यावर गेलं तर बहुतेक वेळा कीड साफ करून सिमेंट भरलं की काम होतं. दात वाचतो, खर्चही कमी येतो.

आपण मात्र लवंग दाबतो आणि कामाला लागतो. कीड दाताच्या आतल्या नसेपर्यंत पोचते, मग खरा ठणका सुरू होतो. तो रात्रीच का वाढतो? आडवं झाल्यावर डोक्याकडे रक्त जास्त येतं. सुजलेली नस दाताच्या बंद खोलीत असते, तिला फुगायला जागा नसते. म्हणून उशाशी दोन उशा घेतल्या की थोडं बरं वाटतं.

आणि मग एक दिवस ठणका आपोआप थांबतो. "देवाला काळजी, राहिली बाई दाढ," असं आपण म्हणतो. मैत्रिणींनो, फसगत होते ती इथेच. दाढ बरी झालेली नसते, आतली नस मेलेली असते. दुखणं सांगणारंच कोणी उरत नाही. कीड मुळाच्या टोकाशी जाते, तिथे पू धरतो आणि ऐन सुगीत किंवा घरच्या लग्नात गाल सुजून येतो.

अशा वेळी आपल्याकडे तवा तापवून फडक्याने शेक देतात. बाहेरून गरम शेक देऊ नका, त्याने सूज पसरू शकते. दुखऱ्या हिरडीवर डोकेदुखीची गोळी ठेवू नका, तिने हिरडी भाजते. कोमट मिठाच्या पाण्याने चूळ भरा आणि डॉक्टरांकडे जा. गालाच्या सुजेसोबत ताप आला, तोंड उघडेना, गिळता येईना किंवा सूज डोळ्याकडे, गळ्याकडे चालली, तर सकाळची वाट न बघता दवाखाना गाठा. यात जिवाला धोका असतो.

आता इंजेक्शनबद्दल. "मला सुईने बधिर झालंच नाही," असं अनेकींनी सांगितलं. ते खोटं नाही. पू धरलेल्या, लालभडक सुजलेल्या जागी बधिर करणारं औषध नीट काम करत नाही. म्हणून डॉक्टर कधी आधी पू काढतात, औषध देतात आणि दाढ नंतर काढतात. "आजच काढा" असा हट्ट धरू नये. सूज नसताना गेलं तर सुई टोचते तेवढंच कळतं. पुढे दाब आणि ओढ जाणवते, पण कळ येऊ नये. आलीच तर हात वर करा आणि सांगा, डॉक्टर आणखी औषध देऊ शकतात. गप्प सोसणं इथे कामाचं नाही.

जाताना उपाशी जाऊ नका, थोडं खाऊन जा. साखर, रक्तदाब, हृदयाचा त्रास, रक्त पातळ करणारी गोळी, एखाद्या औषधाने अंगावर पुरळ येणं, दिवस गेलेले असणं, हे सगळं न विचारता सांगा.

दाढ काढल्यावर त्या खड्ड्यात रक्ताची गुठळी धरते. ती जखमेचं झाकण असते. कापूस अर्धा-पाऊण तास घट्ट चावून धरा. पहिला दिवसभर जोरात थुंकू नका, चूळ भरू नका, तंबाखू किंवा मिश्री लावू नका. गुठळी निघाली तर हाड उघडं पडतं आणि दोन-तीन दिवसांनी आधीपेक्षा भयंकर ठणका लागतो. कित्येकींच्या मनात बसलेली कळ ही नंतरचीच असते. तसं झालं तर घरी सोसू नका, डॉक्टर जखम धुऊन औषध भरतात. सगळं ठीक असेल तर दुसऱ्या दिवसापासून मिठाच्या पाण्याने हलकेच चूळ भरायची.

वरची दाढ काढली की डोळे जातात, हा समज अजून घट्ट आहे. डोळ्याची नस वेगळी, दाताची वेगळी. दाढ काढल्याने नजर कमी होत नाही. "एक लेकरू, एक दात" हेही खरं नाही. बाळ आईच्या दातांतून कॅल्शियम ओढून घेत नाही. गरोदरपणात हिरड्या सुजतात, उलट्यांमधलं आम्ल दातांना लागतं आणि ब्रश तोंडात घातला तरी मळमळतं, म्हणून दात बिघडतात. उलटी झाली की आधी नुसत्या पाण्याने चूळ भरा आणि अर्ध्या तासाने दात घासा. चौथा ते सहावा महिना दातांच्या उपचाराला सोयीचा असतो. आशाताईंशी बोलताना दातांचंही विचारा.

आता थोडं अवघड बोलायचं आहे. मिश्री ही तंबाखूच आहे. तव्यावर भाजून काळी केली म्हणून ती दंतमंजन होत नाही. सकाळी लावल्याशिवाय पोट साफ होत नाही, डोकं धरतं, ही तंबाखूची सवय बोलते. जिथे मिश्री दाबतो तिथली हिरडी खाली सरकते, मुळं उघडी पडतात, चांगले दात हलायला लागतात. कॅन्सरचा धोका असतो तो वेगळाच. तोंडात पांढरा किंवा लाल चट्टा दिसला, दोन-तीन आठवड्यांत न भरणारा फोड असला किंवा सुपारी-गुटख्याने तोंडात तीन बोटं उभी जाईनात, तर लगेच दाखवा. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी आहे. मिश्री तर आपण घरातच भाजतो, तिच्यावर बंदी आपणच घालायची.

लेकरांचं दोन गोष्टींत सांगतो. दुधाचे २० दात पडतात, पण सहाव्या वर्षाच्या सुमाराला सगळ्यांत मागे येणारी दाढ कायमची असते. तिच्या जागी आधीचा दात पडलेला नसतो, म्हणून ती दुधाचीच वाटते आणि किडते. दुसरं, खेळताना कायमचा पुढचा दात मुळासकट निखळला तर तो फेकू नका. मुळाला हात न लावता वरच्या बाजूने धरा, माती लागली असेल तर न घासता पटकन धुवा, वाटीभर दुधात ठेवा आणि अर्ध्या-एक तासात दंतवैद्याकडे पोचा. तो पुन्हा बसू शकतो. दुधाचा दात मात्र परत बसवत नाहीत.

जायचं कुठे? तालुक्याच्या ग्रामीण किंवा उपजिल्हा रुग्णालयात दंतवैद्य कोणत्या दिवशी असतात ते विचारून ठेवा. १५ ऑगस्ट २०२३ पासून राज्याच्या सार्वजनिक आरोग्य विभागाच्या रुग्णालयांत उपचार मोफत आहेत. मोठ्या उपचारांसाठी मुंबई, नागपूर आणि छत्रपती संभाजीनगरला शासकीय दंत महाविद्यालयं आहेत. खासगीत गेलात तर डॉक्टरांचा नोंदणी क्रमांक बघा. बाजारात दात बसवणारे शेजारच्या चांगल्या दातांना मसाला चिकटवून दात पक्का करतात. त्याखाली ब्रश जात नाही, अन्न कुजतं आणि धरून ठेवणारे दातही हलतात. कवळी काढता-घालता आली पाहिजे, आणि रात्री काढून पाण्यात ठेवता आली पाहिजे.

येत्या बैठकीत हप्ते जमा झाल्यावर एक आरसा आणि एक बॅटरी मधे ठेवा. जिला काळा ठिपका, हलता दात किंवा चट्टा दिसेल तिचं नाव वहीत लिहा आणि तालुक्याला जायचा एक दिवस ठरवा. तीन-चार जणी मिळून गेलं की भीती निम्मी होते, एकीचा हात धरायला दुसरी असते. आणि दाढ दुखत असतानाच जा. ती गप्प बसायची वाट बघू नका.