घोडा जिंकतो, डाव का हरतो?

मार्च महिन्यात तारापूर एमआयडीसीतली जनरल शिफ्ट सुटते, बोईसर स्टेशनकडे जाणाऱ्या रिक्षा भरू लागतात आणि त्याच सुमारास सात हजारांवर किलोमीटर दूर, इंग्लंडमधल्या चेल्टनममध्ये दुपारची पहिली शर्यत सुटते. मंगळवार ते शुक्रवार असे चार दिवस, रोज सात याप्रमाणे २८ शर्यती. अडथळ्यांवरून उड्या मारत धावणाऱ्या घोड्यांचा हा जगातला सर्वांत मानाचा उत्सव. शुक्रवारी रात्री नऊ-साडेनऊला, पालघरच्या घरांत जेवणं चाललेली असताना, तिकडे गोल्ड कप धावतो. पूर्वी ही बातमी दुसऱ्या दिवशी एखाद्या इंग्रजी दैनिकाच्या क्रीडापानावर दोन ओळींत यायची. आता ती थेट मोबाइलवर येते आणि तिच्या आधी येतात टिपा: कुठला घोडा ‘पक्का’, कुठला ‘आतून कळलेला’, कुठल्यावर आज सगळं लावायचं.

या ‘पक्क्या’ घोड्यांचं काय होतं हे पाहायला फार मागे जावं लागत नाही. ११ मार्च २०२५, चेल्टनमचा पहिला दिवस, चॅम्पियन हर्डलची शर्यत. ‘कॉन्स्टिट्यूशन हिल’ या घोड्यावर सगळ्यांची भिस्त होती. भाव इतका उतरला होता की दोन रुपये लावले तर जिंकल्यावर नफा एक रुपयाचा. तो मध्यावरच अडथळ्याला अडखळून कोसळला. मग आदल्या वर्षीचा विजेता ‘स्टेट मॅन’ पुढे निघाला, शेवटच्या अडथळ्यापर्यंत स्पष्ट आघाडीवर राहिला आणि त्याच अडथळ्यावर तोही पडला. जिंकली ‘गोल्डन एस’ नावाची घोडी. तिचा भाव होता एकाला पंचवीस. त्याच आठवड्यात शुक्रवारी ‘गालोपाँ दे शाँ’ सलग तिसरा गोल्ड कप नेणार असं बहुतेक जाणकारांनी लिहून ठेवलं होतं. तो हरला.

जाणकार अडाणी होते म्हणून हे झालं नाही. उडीच्या शर्यतीचा स्वभावच तसा आहे. हर्डल हा हलका, लवणारा अडथळा, तर स्टीपलचेसमधला फेन्स उंच आणि घट्ट. गोल्ड कपला सव्वातीन मैलांहून जास्त अंतरात असे २२ फेन्स पार करावे लागतात. लिव्हरपूलजवळच्या एन्ट्रीला होणाऱ्या ग्रँड नॅशनलमध्ये तर ३० उड्या. एकेका उडीला घोड्याचं पाऊल चुकू शकतं, शेजारचा घोडा आडवा येऊ शकतो, जॉकी फेकला जाऊ शकतो. १९६७ च्या ग्रँड नॅशनलला तेविसाव्या फेन्सपाशी एक मोकाट घोडा आडवा फिरला आणि जवळजवळ सगळा ताफा एकमेकांवर आदळून थांबला. मागून रेंगाळत येणारा ‘फॉयनावोन’ त्या गर्दीतून वाट काढून एकटा पुढे गेला आणि एकाला शंभर भावाने जिंकला. त्या फेन्सला आज त्याचंच नाव आहे. पळणाऱ्या घोड्यांची संख्या ४० वरून ३४ वर आली ती २०२४ मध्ये, सुरक्षिततेसाठी.

पालघरकरांना जवळचं मैदान मात्र महालक्ष्मीचं, आणि तिथे धावतात सपाट शर्यती. तिथला रेसकोर्स १८८३ सालचा. एप्रिल २०१३ पासून डहाणूपर्यंत लोकल धावू लागली आणि बोईसर-पालघरहून रविवारी दुपारी रेसला जाऊन रात्री घरी परतणं सोपं झालं. दादरला उतरायचं, धीमी गाडी धरायची, महालक्ष्मी स्टेशनच्या पुलावरून चालत जायचं. इथला हंगाम साधारण नोव्हेंबर ते एप्रिल, आणि जुलै ते ऑक्टोबर शर्यती पुण्याला. सगळ्यात मोठा दिवस फेब्रुवारीच्या सुरुवातीला येणाऱ्या इंडियन डर्बीचा. अंतर २४०० मीटर, घोडे चार वर्षांचे. पहिली डर्बी १९४३ मध्ये ‘प्रिन्सेस ब्युटिफुल’ या घोडीने जिंकली. ती बडोद्याच्या महाराजांची होती.

उड्या नाहीत म्हणून सपाट शर्यतीत अंदाज बांधायला थोडा आधार मिळतो. हा आधार छापील रेसकार्डात असतो आणि तो कुणालाही वाचता येतो. आतल्या खबरीच्या मागे धावणारे लोक समोरचं पान उघडून पाहत नाहीत, याचं खरोखर वाईट वाटतं.

कार्डात काय असतं? घोड्याचं वय, मागच्या शर्यतींतले क्रमांक, कुठल्या अंतरावर पळाला, किती वजन घेऊन पळाला, जॉकी कोण, ट्रेनर कोण, सुरुवातीला कितव्या दारातून सुटणार. सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे रेटिंग. बहुतेक शर्यती हँडिकॅप पद्धतीच्या असतात. हँडिकॅपर प्रत्येक घोड्याला त्याच्या कामगिरीवरून गुण देतो आणि गुणांच्या पट्ट्यांप्रमाणे पहिला ते पाचवा असे वर्ग पडतात. एका गुणाला साधारण अर्धा किलो वजन. म्हणजे ४६ गुणांचा घोडा आणि २० गुणांचा घोडा एकत्र धावले तर पहिल्याच्या पाठीवर तेरा किलो जास्त. चांगल्या घोड्याला जड करून आणि कमकुवताला हलकं ठेवून सगळ्यांना एका रेषेत आणायचं, हा त्यामागचा हेतू. शर्यत जिंकली की गुण वाढतात, वजन वाढतं. गेल्या महिन्यात सहज जिंकलेला घोडा या महिन्यात चौथा का येतो, याचं उत्तर बहुतेक वेळा कारस्थानात नसून या वजनात असतं.

मग मैदानाची अवस्था. जमीन किती मऊ आहे हे पेनेट्रोमीटर नावाच्या साधनाने मोजतात आणि तो आकडा शर्यतीच्या दिवशी जाहीर होतो. पुण्याच्या पावसाळी, ओल्या मैदानावर चमकलेला घोडा जानेवारीत महालक्ष्मीच्या घट्ट जमिनीवर तसाच पळेल असं नाही. सकाळच्या सरावाच्या नोंदी आणि मॉक रेसचे निकालही छापले जातात. नवा जॉकी बसला तर शिकाऊ म्हणून काही किलोंची सूट मिळते. ती सूट कामाची की त्याचं नवखेपण महागात पडणार, हे पाहणाऱ्याने ठरवायचं. अंतराचंही तसंच. १००० मीटरचा वेगवान घोडा २४०० मीटरला दमतो. आईबापांच्या वंशावळीवरून त्याच्या दमाचा अदमास येतो.

१२ जानेवारी १९९६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मद्रास रेस क्लबच्या खटल्यात, म्हणजे के. आर. लक्ष्मणन् विरुद्ध तमिळनाडू सरकार या प्रकरणात, घोड्यांची शर्यत हा प्रामुख्याने कौशल्याचा खेळ आहे असा निर्णय दिला, तो याच कारणांवरून. घोड्याचा वंश, तालीम, जॉकीचं कसब आणि हे सगळं अभ्यासणाऱ्याची समज. त्या निकालाचा अर्थ मात्र पुष्कळांनी सोयीने लावला. कौशल्याचा खेळ म्हणजे कमाईचा खेळ नव्हे.

कारण घोडा ओळखणं हे अर्धंच काम. उरलेलं अर्धं भावाचं, आणि टिपा देणारा त्याबद्दल सहसा बोलत नाही.

समजा चार घोडे आहेत. पहिल्याला एकास एक भाव, दुसऱ्याला एकाला दोन, तिसऱ्याला एकाला तीन, चौथ्याला एकाला नऊ. या भावांमागे दडलेली जिंकण्याची शक्यता अनुक्रमे ५०, ३३, २५ आणि १० टक्के. बेरीज केली तर ११८ होते. खरी शक्यता १०० पेक्षा जास्त असूच शकत नाही. वरचे १८ बुकीचे. टोटच्या खिडकीवर बुकी नसतो, पण तिथेही जमलेल्या पैशातून क्लबचा वाटा आधी काढला जातो आणि राहिलेली रक्कम जिंकणाऱ्यांत वाटली जाते. आवडता घोडा जगभरात साधारण तीनपैकी एकदा जिंकतो. तरीही डोळे मिटून आवडत्यावर लावत राहणारा हळूहळू खाली येतो, तो या कपातीमुळे.

भारतात त्याच्यावर कर बसतो, आणि तिथे सगळं गणितच पालटतं. ऑक्टोबर २०२३ पासून लावलेल्या पूर्ण रकमेवर २८ टक्के जीएसटी पक्का झाला. २२ सप्टेंबर २०२५ पासून तो ४० टक्के आहे. शंभर रुपयांच्या डावाला खिशातून १४० जातात. एकाला दोन भावाचा घोडा जिंकला तर हातात ३०० येतात. कर नसता तर असा घोडा तीनपैकी एकदा जिंकला तरी माणूस बरोबरीत राहिला असता. आता बरोबरीत राहायलाच तो १०० पैकी ४७ वेळा जिंकायला हवा. भाव मात्र सांगतो की त्याची शक्यता ३३ आहे. याखेरीज जिंकलेल्या रकमेवर ३० टक्के प्राप्तिकर लागतो आणि हरलेल्या पैशाची वजावट त्यातून मिळत नाही. हा हिशेब कागदावर एकदा मांडून पाहिला की रेसवर घर चालवण्याची भाषा कुणी करू नये.

टोटवर ‘विन’ आणि ‘प्लेस’ हे साधे डाव सोडले तर जॅकपॉटसारखे मोठे डावही असतात. जॅकपॉटला ओळीने पाच शर्यतींचे विजेते सांगावे लागतात. प्रत्येक शर्यतीत दहा घोडे धरले तर शक्य जोड्या होतात एक लाख. मोठी रक्कम फलकावर दिसते, हा एक लाखाचा आकडा दिसत नाही.

आता टिपांच्या धंद्याकडे. आठ घोड्यांची शर्यत आहे आणि एकाकडे ८०० जणांचे मोबाइल नंबर आहेत. तो शंभर-शंभर जणांना वेगवेगळा घोडा सांगतो. शर्यत संपते तेव्हा शंभर जणांना बरोबर टिप मिळालेली असते. पुढच्या शर्यतीत त्या शंभरांचे पुन्हा आठ भाग पाडले की बारा-तेरा जण असे उरतात ज्यांना लागोपाठ दोनदा विजेता कळला. त्यांना तो माणूस द्रष्टा वाटतो आणि तिसऱ्या टिपेसाठी ते पैसे मोजायला तयार होतात. घोड्यांबद्दल काहीही माहीत नसताना हे करता येतं. उरलेले ७८७ गप्प बसतात, कारण फसलेलं कुणी सांगत नाही.

कायद्याची बाजू थोडक्यात. मुंबई जुगार प्रतिबंधक कायदा १८८७ चा. त्यातली सवलत परवानाधारक रेसकोर्सच्या आवारात, ठरलेल्या पद्धतीने लावलेल्या पैशापुरती आहे. बोईसरच्या नाक्यावर किंवा पालघरच्या एखाद्या गाळ्यात परस्पर घेतलेला डाव त्या सवलतीत बसत नाही. परदेशी अ‍ॅपवरून चेल्टनमवर पैसे लावणं तर आणखी अडचणीचं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने पैसे लावून खेळायच्या ऑनलाइन खेळांवर बंदी आणणारा कायदा केला. शिवाय स्वीपस्टेक आणि फुटबॉल पूलसारख्या डावांसाठी देशाबाहेर पैसे पाठवायला परकी चलनाच्या नियमांनी २००० सालापासूनच मनाई आहे. अशा अ‍ॅपने पैसे बुडवले तर दाद मागायला जागा उरत नाही.

तरीही घोडे पाहण्यात आनंद आहे, आणि तो लपवायचं कारण नाही. १९७७ ची डर्बी जिंकणारा ‘स्क्वॉन्डरर’ १९ शर्यतींत १८ वेळा पहिला आला. त्याला धावताना पाहिलेले लोक आजही त्याच्याबद्दल जिव्हाळ्याने बोलतात. २०२१ मध्ये चेल्टनमला सहा शर्यती जिंकून रेचल ब्लॅकमोर ही त्या उत्सवातली अव्वल जॉकी ठरली. असा मान मिळवणारी ती पहिलीच स्त्री, आणि पुढच्या वर्षी तिने गोल्ड कपही जिंकला. हे पाहायला एक रुपयाही लावावा लागत नाही.

ज्यांना महालक्ष्मीला जाऊन लावायचेच आहेत त्यांनी घरून निघतानाच, सिनेमाच्या तिकिटाचे काढावेत तसे, परत येणार नाहीत असे धरून ठरावीक पैसे वेगळे काढावेत. कार्ड स्वतः वाचावं, दिवसाला दोन-तीनच शर्यती निवडाव्यात, हरलेले भरून काढायला डाव दुप्पट करू नये आणि उधारीवर कधीही लावू नये. एटीएम कार्ड घरी ठेवलेलं बरं. घरातलं कुणी पगाराच्या दिवशीच रिकाम्या हाताने येऊ लागलं, कर्ज लपवू लागलं, तर भांडणात वेळ घालवू नका. १४४१६ हा ‘टेली-मानस’चा सरकारी क्रमांक आहे. तो मोफत आहे, चोवीस तास चालू असतो आणि तिथे मराठीत बोलता येतं.