पूर ओसरल्यानंतरचा ताप

पूर आला की आपलं सगळं लक्ष पाण्याच्या पातळीकडे असतं. धरणातून किती पाणी सोडलं, किती गावं वेढली गेली, किती लोकांना हलवलं, हे आपण तासातासाला पाहतो. पाणी उतरलं की बातम्याही थांबतात. पण पुराशी जोडलेले काही मृत्यू त्यानंतर आठवड्या-दोन आठवड्यांनी होतात, आणि त्यातले बरेचसे टाळता येतात. आज आपण अशाच एका आजाराबद्दल बोलणार आहोत. त्याचं नाव लेप्टोस्पायरोसिस. मुंबईत त्याला नुसतं ‘लेप्टो’ म्हणतात. केरळात ‘एलिप्पनी’ म्हणतात. मल्याळममध्ये एली म्हणजे उंदीर आणि पनी म्हणजे ताप.

हा आजार होतो कसा? लेप्टोस्पायरा हे स्प्रिंगसारखे पिळदार, अतिशय बारीक जिवाणू आहेत. ते उंदराच्या मूत्रपिंडात मुक्काम करतात. उंदराला सहसा काही होत नाही, पण त्याच्या लघवीतून हे जिवाणू महिनोन्‌महिने बाहेर पडत राहतात. गुरं, डुकरं, कुत्री यांच्याकडूनही ते पसरतात. कोरड्या, तापलेल्या जमिनीवर ते लवकर मरतात. ओल्या मातीत आणि साचलेल्या पाण्यात मात्र ते बरेच दिवस, कधी कधी आठवडेही तग धरतात.

पुरात नेमकं हेच घडतं. बिळं बुडतात, उंदीर वस्तीत शिरतात, आणि गटार, गोठा, रस्ता यांचं पाणी एक होतं. पायाला भेगा असतील, कुठे खरचटलं असेल किंवा तासन्‌तास भिजून कातडी मऊ पडली असेल, तर जिवाणूंना वाट मिळते. डोळे, नाक आणि तोंडातूनही ते शरीरात जातात. म्हणूनच धोका फक्त पाण्यातून चालणाऱ्याला नसतो. नंतर अनवाणी पायांनी घरातला चिखल काढणाऱ्यालाही तो तितकाच असतो.

२६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. त्यानंतर मुंबईत लेप्टोची साथ आली. ऑगस्ट २०१८च्या महापुरानंतर केरळातही हेच झालं. महिना संपता संपता तापाचे रुग्ण वाढू लागले. त्यात घरं साफ करणारे लोक होते, तसेच मदतीला धावलेले स्वयंसेवकही होते.

मात्र केरळच्या आरोग्य यंत्रणेने रुग्ण येण्याची वाट पाहिली नाही. पुराच्या पाण्यात आणि चिखलात उतरलेल्यांना डॉक्सीसायक्लीन ही जुनी, स्वस्त प्रतिजैविक गोळी मोठ्या प्रमाणावर वाटली. या गोळ्या घेऊ नका, असा अपप्रचार समाजमाध्यमांवर झाला, तरी मोहीम चालू राहिली.

या गोळीला आधार काय? १९८४ साली प्रसिद्ध झालेला एक अभ्यास पनामाच्या जंगलात प्रशिक्षण घेणाऱ्या ९४० अमेरिकन सैनिकांवर केलेला होता. काहींना आठवड्याला २०० मिलिग्रॅम डॉक्सीसायक्लीन दिलं, तर काहींना औषध नसलेली, तशीच दिसणारी गोळी दिली. औषध न मिळालेल्यांपैकी २० जणांना लेप्टो झाला, औषध मिळालेल्यांपैकी एकाला. पुढे आपल्या अंदमानातही अशी चाचणी झाली. तिथे संसर्गाचं प्रमाण फारसं घटलं नाही, पण संसर्ग होऊन प्रत्यक्ष आजारी पडणाऱ्यांची संख्या कमी झाली. म्हणजे ही गोळी मदत करते, पण ती चिलखत नाही.

मग ती सगळ्यांनाच सरसकट का देऊ नये? कारण प्रतिजैविकं गरजेशिवाय वापरली की जिवाणू त्यांना दाद देईनासे होतात. शिवाय गरोदर स्त्रिया आणि लहान मुलांना ही गोळी सहसा देत नाहीत, त्यांच्यासाठी डॉक्टर वेगळं औषध निवडतात. त्यामुळे दुकानातून परस्पर गोळी आणू नका. पाण्यात किती वेळ होतात, पायाला जखम होती का, हे डॉक्टरांना सांगा. ते दोन-तीन दिवसांच्या आत केलेलं चांगलं.

आता सर्वांत महत्त्वाची गोष्ट. संसर्गानंतर साधारण ५ ते १४ दिवसांनी ताप येतो. डोकं दुखतं, अंग मोडून येतं, डोळे लाल होतात आणि पोटऱ्या विशेष दुखतात. हे फ्लू किंवा डेंग्यूसारखंच वाटतं. बरेच रुग्ण बरे होतात. काहींना मात्र कावीळ होते, मूत्रपिंडं काम थांबवतात किंवा फुप्फुसांत रक्तस्राव होतो. तेव्हा हाताशी फार थोडा वेळ उरतो. रक्तातली प्रतिद्रव्यं शोधणारी नेहमीची तपासणी पहिल्या काही दिवसांत निगेटिव्ह येऊ शकते, कारण तोवर ती पुरेशी तयार झालेली नसतात. म्हणून जाणकार डॉक्टर अहवालाची वाट न पाहता, संशयावरूनच उपचार सुरू करतात.

पण संशय यायला माहिती हवी. पाणी ओसरून दहा दिवस झालेले असतात, कपडे वाळलेले असतात, आणि ‘पुराच्या पाण्यात गेला होतात का?’ हा प्रश्न गर्दीच्या दवाखान्यात राहून जातो. तो विचारला जाण्याची वाट पाहू नका. हे फक्त पूरग्रस्तांसाठी नाही. दक्षिण गुजरातच्या भातखाचरांत राबणाऱ्या शेतकऱ्यापासून गटारात उतरणाऱ्या सफाई कामगारापर्यंत सगळ्यांसाठी आहे.

चिखल काढताना गमबूट आणि हातमोजे घाला. जखम झाकून ठेवा. काम संपलं की साबणाने पाय धुवा. आणि त्यानंतरच्या महिन्याभरात ताप आला, तर दवाखान्यात बसताक्षणी पहिलं वाक्य हे म्हणा: ‘डॉक्टर, मी पुराच्या पाण्यात उतरलो होतो.’