विजेंदरचा तेरावा सामना

व्यावसायिक मुष्टियोद्ध्याची कारकीर्द विजय, पराभव आणि बरोबरी अशा तीन आकड्यांत नोंदली जाते, आणि हरियाणातील भिवानीचा ऑलिम्पिक पदकविजेता विजेंदर सिंग याचा पराभवाचा आकडा 2015 पासून सलग 12 विजयांपर्यंत शून्यच राहिला. 19 मार्च 2021 रोजी पणजीत, मांडवी नदीतील कॅसिनो जहाजाच्या छतावर, जवळपास 16 महिन्यांच्या खंडानंतर उतरलेल्या विजेंदरला त्याच्याहून उंच असलेल्या रशियाच्या आर्तिश लोप्सानने पाचव्या फेरीत तांत्रिक नॉकआऊटने हरवले. ठोशाने खाली पडून उठलेल्या खेळाडूची नजर स्थिर आहे का, हात बचावासाठी वर येतात का, हे पाहून पंच लढत थांबवतो, त्याला तांत्रिक नॉकआऊट म्हणतात. त्यात नामुष्की मानणे अन्यायाचे आहे, कारण तो निर्णय जीव वाचवतो. ऑगस्ट 2022 मध्ये विजेंदरने रायपूरला घानाच्या एलियासू सुलेला हरवले.